तंजावरची यमुना

तंजावरला जाण्याचा बेत आपण कधी केलात, तर सामानात एक कादंबरी अवश्य घ्या, असे मी सुचवीन. देवळाची उंची आणि राजांच्या वंशावळी सांगणारी पुस्तके तेथे देवळाच्या दारातही मिळतात. त्यांचे ओझे घरून नेण्याचे कारण नाही. मी म्हणते ती कादंबरी तामिळ आहे. ति. जानकीरामन् हे तिचे लेखक आणि ‘मोहमुळ्’ हे तिचे नाव. हे नाव कानी पडताच मराठी वाचकाला मोहाचे मूळ आठवावे हे स्वाभाविक आहे. परंतु तामिळ भाषेत ‘मुळ्’ म्हणजे काटा. मोहाचा काटा, असा त्या नावाचा अर्थ होतो. ही एक प्रेमकथा आहे आणि वाचणाऱ्याला ती जेवणाखाण्याची शुद्ध राहू देत नाही. त्याचबरोबर, माणसांची मने कशी दुखावतात, कशी आजारी पडतात, आणि आसपासच्या चांगल्या, सुशिक्षित, देवभीरू माणसांना त्याचा पत्ताही कसा लागत नाही, याची ती हकीकत आहे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या कादंबरीची नायिका निम्मी मराठी आहे.

ती मराठी कशी, हे समजण्यासाठी आधी गावात थोडे हिंडू या.

चेन्नईहून रात्री निघालेली गाडी पहाटे तंजावरला येते. उजाडताच बृहदीश्वराच्या देवळात जावे. दगड तापला की अनवाणी पाय टेकवत नाही. राजराज चोळाने बांधविलेले हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या शिखराविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी आपणांस सरळ प्राकाराच्या नैऋत्य बाजूकडे घेऊन जाते. तेथील भिंतीवर मराठी मजकूर कोरलेला आहे. थोडाथोडका नव्हे, दगडामागून दगड ओळी चालल्या आहेत. हा भोसले घराण्याचा इतिहास. सरफोजी राजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, चोळांच्या देवळात, आपली भाषा दगडावर वाचताना मराठी माणूस क्षणभर थबकतो. शेजारून जाणाऱ्या एका शाळकरी मुलाने मला विचारले की, ही कोणती लिपी? मी सांगितले, तेव्हा त्याने मान डोलावली आणि तो नंदीकडे पळाला.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे राज्य स्थापन केले, आणि दुसरे शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्र मागे न ठेवता वारले, तेव्हा ते संपले. सरफोजींच्या काळीच प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. राजांकडे किल्ला, मान आणि पुस्तके राहिली. त्यांनी पुस्तकांचे सोने केले. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात आज तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. राज्य गेले, परंतु त्याबरोबर दक्षिणेत आलेली माणसे परत फिरली नाहीत. कारकून, कीर्तनकार, शिलेदार, वैद्य, आचारी यांचे वंशज कावेरीच्या काठी राहिले. घरात मराठी आणि दाराबाहेर तामिळ, अशी त्यांची रीत पडली. त्यांच्या मराठीत आपल्याकडे विसरलेले शब्द सापडतात आणि वाक्याचा हेल मात्र तामिळ असतो. पेन्शनी आटल्या, वाड्यांचे तुकडे पडले, विवाहसंबंध जुळविणे कठीण होत गेले. अशा उतरत्या काळाची मुलगी म्हणजे जानकीरामन् यांची यमुना.

जानकीरामन् यांचा जन्म १९२१ मधला, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातला. त्यांचे शिक्षण कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात झाले. पुढे ते आकाशवाणीवर नोकरीस होते. कर्नाटक संगीत ते विधिपूर्वक शिकले होते, आणि हे त्यांच्या पानापानावर कळते. ‘मोहमुळ्’ १९५० नंतरच्या दशकात ‘स्वदेशमित्रन्’च्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुढे १९७९ मध्ये त्यांच्या ‘शक्तिवैद्यम्’ या कथासंग्रहाला साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु तामिळ वाचकाला जानकीरामन् म्हटले की प्रथम यमुना आठवते.

कथा अशी. बाबू हा कुंभकोणमला कॉलेजात शिकणारा तरुण. त्याच्या वडिलांचा ज्या घराशी जुना घरोबा आहे, त्या घरातली यमुना. तिचे वडील सुब्रह्मण्य अय्यर हे सधन तामिळ ब्राह्मण. आई पार्वतीबाई ही तंजावरची मराठी स्त्री, त्यांची दुसरी बायको. अय्यर वारल्यावर पहिल्या घरचा मुलगा हात आखडता घेतो आणि मायलेकींचे दिवस पालटतात. यमुना रूपवती आहे, शहाणी आहे, बोलण्यात संथ आहे. तिला पाहावयास माणसे येतात, फराळ करून जातात, आणि पुन्हा त्यांचा निरोप येत नाही. आई मराठी, बाप तामिळ. मुलीला कोणत्या रांगेत बसवावे, हे कोणालाच ठरविता येत नाही. बाबू तिच्याहून सुमारे दहा वर्षांनी लहान. लहानपणापासून तो तिला देवतेसारखी मानत आला आहे. त्या मानण्याचे दुसऱ्याच भावनेत रूपांतर झाल्याचे त्याच्या ध्यानी येते, तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटू लागते.

इतक्यावरूनही, ही कथा गंभीर, उपदेशपर आणि कोरडी असेल असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. ही कादंबरी वाचणे ही एक मेजवानी आहे. कुंभकोणमच्या गल्ल्या, पितळी पेल्यातली कॉफी, कॉलेजातील मित्रांच्या गप्पा, घाटावरची कुजबुज, नदीला आलेले नवे पाणी, वृद्ध गवई रंगण्णा आणि त्यांच्यापुढे तंबोरा घेऊन बसलेला बाबू, हे सारे लेखकाने इतक्या प्रेमाने मांडले आहे की कथानक पुढे सरकले नाही तरी वाचकाची तक्रार नसते. आणि प्रेमाविषयी म्हणाल, तर दहा वर्षांनी मोठ्या स्त्रीवरचे प्रेम इतक्या सरळपणे, चावटपणा न करता आणि माफीही न मागता रंगविलेले मी फार थोड्या पुस्तकांत पाहिले आहे. तामिळ मी उशिरा शिकले, त्यामुळे माझे वाचन बैलगाडीच्या चालीने झाले. पण घाईने वाचण्याचे हे पुस्तकच नव्हे.

आपल्यापैकी काहींना शंका येईल की मनाच्या दुखण्यांची कथा आनंदाने वाचावी हे योग्य आहे काय? मला वाटते, आनंदाने वाचली तरच ती पोचते. आरोग्याच्या पत्रकात प्रथम आजाराचे नाव येते आणि मग माणूस येतो. पुष्कळदा माणूस येतच नाही. कादंबरीत आपण प्रथम यमुनेच्या घरी जातो, तिच्या हातचे पाणी पितो, तिच्या एका वाक्यावर हसतो. आणि शंभर पानांनंतर आपल्या लक्षात येते की ही बाई अलीकडे हसेनाशी झाली आहे. तोपर्यंत ती आपल्या घरची झालेली असते. मग तिच्या मौनाला आपण ‘हट्टी स्वभाव’ म्हणत नाही.

या कादंबरीत तंगम्मा नावाची आणखी एक स्त्री आहे. तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते पुस्तकाचा खरा काटा तोच आहे. बाबूच्या बिऱ्हाडाशेजारी ती राहते. कोवळ्या वयाची, आणि तिचा नवरा म्हातारा. घरात कोणी तिला मारीत नाही, उपाशी ठेवीत नाही. शेजारीपाजारी विचारले तर तिचे ठीक चालले आहे असेच कोणीही सांगेल. एका रात्री ती बाबूकडे येते. त्यानंतर बाबूला जो पश्चात्ताप होतो, त्यावर लेखकाने अनेक पाने खर्च केली आहेत; पण बाबूचा पश्चात्ताप सारा यमुनेविषयी आहे. आपण यमुनेच्या प्रतिमेला कलंक लावला, हे त्याचे दुःख. तंगम्माला काय वाटत असेल, हा विचार त्याच्या मनाच्या उंबरठ्याशी येतो आणि परत जातो. तो तिला टाळू लागतो. आणि पुढे एक दिवस तंगम्मा स्वतःचे आयुष्य संपविते.

लेखकाने येथे बाबूला दोष दिलेला नाही आणि त्याची सुटकाही केलेली नाही. सज्जन, संगीतप्रेमी, आईवडिलांचा मान राखणाऱ्या मुलाला शेजारच्या भिंतीपलीकडचे माणूस ऐकू आले नाही, एवढेच त्याने दाखविले आहे. तंगम्माशी बोलणारे कोणी नव्हते. नवऱ्याशी ती काय बोलणार? शेजारणींशी बोलली असती तर दुसऱ्या दिवशी घाटावर तो विषय झाला असता. डॉक्टरकडे जावे असे हे दुखणे आहे, हे त्या काळी त्या गल्लीत कोणास सुचलेच नसते.

हे मी पुस्तक वाचून सांगते असे समजू नका. तंजावरला पश्चिम वीथीच्या बाजूस एका जुन्या मराठी घरी माझे दोन दिवस जेवण झाले. घरच्या अक्का ऐंशीच्या पुढच्या. मी कोणती कादंबरी वाचते आहे हे त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि त्या मनापासून हसल्या. त्यांच्या तरुणपणी ही गोष्ट मुलींनी वाचलेली वडीलधाऱ्यांना खपत नसे. म्हणून ती तांदळाच्या डब्यामागे ठेवून वाचावी लागे. यमुना ही ‘आमचीच मुलगी’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात किंचित अभिमान होता. मग बऱ्याच वेळाने, पान लावता लावता, त्यांनी आपल्या धाकट्या आत्याची गोष्ट काढली. ती आत्या मागच्या खोलीत बसे. पाहुणे आले की ते दार ओढून घेत. तिला काय झाले होते, हे घरात कोणी कधी सांगितले नाही. मुलांना एवढेच ठाऊक, की तिच्यापुढे मोठ्याने बोलू नये. तंगम्माचे प्रकरण वाचले त्या आठवड्यात अक्कांनी धीर करून आपल्या आईला विचारले, आत्या रडते ते कशासाठी? आई हातातले काम टाकून खाली बसली आणि पहिल्याने बोलली. काय बोलली ते अक्कांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. त्या दिवसानंतर मागचे दार उघडे राहू लागले, एवढे मात्र त्यांनी सांगितले.

भाषांतराचा धंदा करणाऱ्याचे लक्ष अशा वेळी शब्दांकडे जाते. तामिळमध्ये वेडाला ‘पैत्तियम्’ म्हणतात. हा शब्द पित्तावरून आला आहे. म्हणजे दोष शरीरातल्या रसाचा आहे, माणसाचा नाही, अशी जुन्या वैद्यांची समजूत त्यात शिल्लक आहे. सरफोजी राजांनी तंजावरास ‘धन्वंतरी महाल’ नावाचे औषधसंशोधनाचे स्थान चालविले होते. तेथे वैद्य औषधांची परीक्षा करीत आणि गुण आला की नाही हे नोंदवून ठेवीत. पित्ताने डोके फिरते ही समजूत आज टिकणार नाही, परंतु दुखणे हे दुखणेच मानावे ही वृत्ती टिकवण्यासारखी होती. पुढे व्यवहारात ‘पैत्तियम्’ ही शिवी झाली, जशी आपल्याकडे ‘वेडा’ ही झाली. आपल्या भाषेत आणखी एक गंमत आहे. वेड हा शब्द आपण प्रेमाला फार लाडाने लावतो. अमक्याला तमकीचे वेड लागले म्हटले की आपण कौतुकाने हसतो. बाबूचे वेड आपण असेच कौतुकाने वाचीत जातो, आणि झोप उडालेला, अन्नावरची वासना गेलेला, स्वतःचा तिटकारा करणारा हा मुलगा खरोखरच आजारी आहे हे आपल्याला कळते तेव्हा पुष्कळ पाने उलटून गेलेली असतात. सामान्य तामिळ माणूस मात्र एक सौम्य वाक्प्रयोग करतो: ‘मनसु सरियिल्लै’. मन ठीक नाही. ताप आहे, पाय दुखतो, तसे मन ठीक नाही. इतक्या साधेपणाने हे सांगता येते, याचा मला हेवा वाटला.

आता कुंभकोणमकडे वळू. तंजावरहून सुमारे ४० किलोमीटर. आगगाडीने गेल्यास भाताची शेते आणि केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी सोबत करतात. या गावात देवळे इतकी आहेत की मोजण्याच्या भानगडीत पडू नये. महामाघम् तलावावर बारा वर्षांनी पर्वणी येते. मागची २०१६ मध्ये झाली, पुढची २०२८ मध्ये यावयाची आहे. विड्याची पाने, पितळेची भांडी आणि ‘डिग्री कॉफी’ ही गावाची ख्याती. कावेरीच्या काठचे सरकारी कॉलेज १८५४ सालचे. गणिती रामानुजन् येथे १९०४ मध्ये दाखल झाला. इतर विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती गेली, तेव्हा १९०५ मध्ये तो कोणास न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला होता. तेव्हा त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. मुलाचे गुण पाहून हरखून जाणाऱ्या आणि निकाल पाहून खचणाऱ्या आईबापांनी या कॉलेजच्या आवारात थोडा वेळ उभे राहण्यास हरकत नाही.

याच कॉलेजात जानकीरामन् यांचे एक स्नेही शिकत होते, एम. व्ही. वेंकटराम्. १९२० मध्ये कुंभकोणमला जन्मलेले हे लेखक रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री समाजातले. त्यांच्या घरच्या बोलीत मराठी माणसाला ओळखीचे पुष्कळ शब्द ऐकू येतात. त्यांची ‘कादुगळ्’, म्हणजे ‘कान’, ही कादंबरी १९९२ मध्ये आली आणि १९९३ मध्ये तिला साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. महालिंगम् नावाच्या लेखकाच्या कानांत एकाएकी आवाज येऊ लागतात. ते त्याला शिव्या देतात, त्याची थट्टा करतात, त्याच्या देवाविषयी अभद्र बोलतात. दुसऱ्या कोणालाही ते ऐकू येत नाहीत. व्यवसाय बुडतो, घरात दारिद्र्य येते, आणि तरीही तो मनुष्य संसार, लेखन व मुरुगाची भक्ती यांना धरून राहतो. वेंकटराम् यांनी हे स्वतःच्या अनुभवातून लिहिले. असे आवाज त्यांनी स्वतः अनेक वर्षे सोसले होते.

‘कादुगळ्’ला कोणी प्रेमकथा म्हणत नाही. मी म्हणेन. नवऱ्याच्या कानात काय चालले आहे हे ज्या बायकोला दिसत नाही, पण चुलीत लाकूड नाही हे दिसते, ती त्याच्याजवळ राहते. याहून कठीण प्रेम बाबूलाही ठाऊक नव्हते. एकाच गावात, एकाच कॉलेजात वाढलेल्या दोन मित्रांपैकी एकाने स्वराच्या शोधात निघालेल्या कानांची कथा लिहिली आणि दुसऱ्याने स्वरांनी छळलेल्या कानांची. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचू नयेत एवढी मात्र माझी सूचना आहे. मध्ये चार दिवस जाऊ द्यावेत.

कुंभकोणमपासून मायिलादुतुरैच्या वाटेवर थोडे पुढे गेले की तिरुविडैमरुदूर लागते. तेथील महालिंगस्वामीच्या देवळाची एक आख्यायिका आहे. वरगुण पांड्य राजाच्या मागे ब्रह्महत्येचे पाप लागले होते. तो पूर्वेच्या दाराने आत गेला, तेव्हा ती बाधा दाराशी थांबली. आणि तो पश्चिमेच्या दाराने बाहेर पडला. म्हणून भाविक आजही आले त्या दाराने परत जात नाहीत. मनाची व्यथा असलेल्या माणसांना नातलग येथे घेऊन येतात. हे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या माणसाला कोणी घराबाहेर काढीत नव्हते, त्याला कोणीतरी हात धरून प्रवासाला आणलेले असते. पुष्कळदा त्याच्या दुखण्याचा तोच पहिला उघड स्वीकार असतो. पण दर्शन झाल्यावर डॉक्टरांकडेही जावयास हवे. याच राज्यात रामनाथपुरम् जिल्ह्यातील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवासाला आग लागली आणि साखळीने बांधून ठेवलेले २८ रुग्ण पळता न आल्यामुळे मृत्युमुखी पडले. त्यानंतर देशाचे लक्ष या प्रश्नाकडे गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली आहे. आणि जो मनुष्य स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न करतो, तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा न देता त्याची काळजी घ्यावी, असेही त्यात आहे. तंगम्मा हा कायदा होण्यापूर्वी साठ वर्षे गेली.

अक्कांच्या आत्याची गोष्ट जुन्या काळची म्हणून सोडून देता येत नाही. बेंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. दहा घरांच्या गल्लीत किती मागच्या खोल्या असतील, याचा हिशेब आपण करू शकता. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. कादंबरीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस मी तो क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. माझे पुस्तक हातोहाती फिरते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

ज्यांना तामिळ येत नाही त्यांनी काय करावे, असे आपण विचाराल. ज्ञान राजशेखरन् यांनी १९९५ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात यमुनेचे काम अर्चना जोगळेकर या आपल्या मराठी अभिनेत्रीने केले आहे, आणि ते चांगले केले आहे. संगीत इळैयराजांचे. दोनअडीच तासांत कादंबरी मावत नाही, तरी घर, नदी आणि तंबोरा पाहावयास मिळतो. अथवा शेजारी कोणी तामिळ कुटुंब असेल तर त्यांच्याकडून कथा ऐका. ‘मोहमुळ्’ सांगू लागलेला तामिळ मनुष्य सहसा लवकर थांबत नाही. मुलांना ती कोणत्या वयात द्यावी? कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी वाचावी आणि आईवडिलांनी त्याच महिन्यात वाचावी, असे मला वाटते. तांदळाच्या डब्यामागे ठेवण्याची गरज आता राहू नये.

परतण्यापूर्वी तिरुवैयारूला एक सकाळ द्या. तंजावरच्या उत्तरेस १३ किलोमीटर. येथे कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. १८४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. सरफोजी राजांनी दरबारात गाण्यासाठी बोलाविले असता त्यांनी नकार दिला, असे परंपरा सांगते. बाबूही पुढे मैफलीत गाण्याचे नाकारतो, तेव्हा त्याच्या मागे हा केवढा मोठा नकार उभा आहे हे येथे उमगते. पौष वद्य पंचमीला शेकडो गवई वाळूवर मांडी घालून एकत्र त्यांच्या कृती गातात. त्या दिवसांत गर्दी फार. मी गेले तेव्हा उन्हाळा होता, पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक होती, आणि दोन बायका घाटाच्या पायरीवर कपडे आपटीत बोलत होत्या. कादंबरीची शेवटची पन्नास पाने मी तेथे वाचली. बाबूला यमुना मिळते की नाही, आणि मिळाल्यावर काटा निघतो की खोल जातो, हे मी सांगणार नाही. समाधीच्या भिंतीची सावली घाटावर सकाळी आठपर्यंत टिकते, तेवढ्या वेळात पन्नास पाने होतात. नंतर ऊन थेट पुस्तकावर येते, आणि वरच्या रस्त्यावरील दुकानात कॉफी मिळते.